पहारेकऱ्याचे मौन

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा आपल्या कार्यवाहांनी आताच घेतला. नर्मदा ओलांडून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी वर्गणी गोळा करून ही शाळा कशी उभी केली, हे आपण ऐकले. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मी आज आपल्याशी संगणक कक्षाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एका जुन्या यंत्राविषयी बोलणार आहे. मराठी साहित्य घेऊन एम. ए. झालेल्या बाईने हा विषय का निवडावा, असे आपल्याला वाटेल. पुण्यात आणि बंगळुरूत संगणकाच्या व्यवसायात नाव मिळवलेले आपले माजी विद्यार्थी तर मनातल्या मनात हसतही असतील. त्यांनी माझ्या चुका जरूर दुरुस्त कराव्यात. परंतु या विषयातली एक चूक माझ्या नावावर आहे, आणि ती हीरक महोत्सवाच्या अहवालात आलेली नाही. ती सांगण्यासाठी आधी त्या यंत्राचे काम समजावून द्यावे लागेल.

आपल्या कक्षात मुलांसाठी वीस संगणक आहेत. कोपऱ्यातल्या यंत्राला दोन तारा जोडलेल्या आहेत. एक या वीस संगणकांकडे जाते, दुसरी ब्रॉडबँडच्या डब्यामार्फत बाहेरच्या जगाकडे. मुलांचे बाहेर जाणारे आणि बाहेरून येणारे सगळे दळणवळण या एका यंत्रातून होते. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे, आणि तिच्या गाभ्यातच फायरवॉल बसवलेली आहे. फायरवॉल या शब्दाचा मूळ अर्थ आग पसरू नये म्हणून बांधलेली भिंत. मला मात्र हा शब्द थोडा फसवा वाटतो. भिंतीला काही ठरवावे लागत नाही. हे यंत्र जुन्या वाड्याच्या देवडीसारखे आहे. तिथे पहारेकरी बसलेला असतो, त्याच्या हाती नियमांची यादी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो त्या यादीशी ताडून पाहतो.

हा पहारेकरी माणसे तपासत नाही, पाकिटे तपासतो. इंग्रजी ‘पॅकेट’ला आपण सहज पाकीट म्हणतो, आणि ते इथे चपखल बसते. आपण एखादे छायाचित्र पाठवतो तेव्हा ते अखंड जात नाही. त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पाकिटात बंद होतो. नेहमीच्या तारेवरून जाणारे पाकीट जास्तीत जास्त १५०० बाइटांचे असते. तीन लाख बाइटांचे छायाचित्र असेल तर दोनशेहून अधिक पाकिटे निघतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि आतला मजकूर कोणत्या पद्धतीचा आहे, हे लिहिलेले असते. याशिवाय पोर्ट नावाचा एक क्रमांक असतो. पत्ता म्हणजे इमारत, तर पोर्ट म्हणजे त्या इमारतीतली खोली. सुरक्षित संकेतस्थळांची खोली ४४३ क्रमांकाची, संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्याची ५३, दुरून यंत्राचा कारभार पाहणाऱ्याची २२. पहारेकरी बहुतांशी पाकिटाच्या बाहेरचेच वाचतो. आतला मजकूर आजकाल सांकेतिक लिपीत बंद असतो आणि तो त्याला वाचता येत नाही.

आता पाकिटाचा आतला प्रवास पाहू. लिनक्सच्या गाभ्यात पाच चौक्या आहेत. आत शिरताच पहिली चौकी लागते, तिला प्रीराउटिंग म्हणतात. त्यानंतर गाभा मार्गांचा तक्ता पाहून ठरवतो की हे पाकीट या यंत्रासाठीच आहे की दुसऱ्या कोणासाठी. यंत्रासाठी असेल तर ते इनपुट या चौकीतून आत जाते. दुसऱ्यासाठी असेल तर फॉरवर्ड या चौकीतून पुढे जाते. यंत्राने स्वतः लिहिलेली पत्रे आउटपुट या चौकीतून निघतात. आणि बाहेर पडणारे प्रत्येक पाकीट, मग ते पुढे पाठवलेले असो वा स्वतःचे, शेवटी पोस्टराउटिंग या चौकीवरून जाते. मुलांची पाकिटे इनपुट चौकीवर कधीच येत नाहीत, ती फॉरवर्ड चौकीवरून जातात. इनपुटवर कितीही कडक पहारा बसवला तरी तो फक्त कोपऱ्यातल्या यंत्राचे रक्षण करतो, मुलांच्या संगणकांचे नव्हे. हे मला समजायला बरेच दिवस लागले.

पाकिटे पुढे पाठवण्याचे काम लिनक्स आपण होऊन करीत नाही. ते मुद्दाम सुरू करावे लागते. सुरू केल्यावरही ते शिस्तीने चालते. प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आकडा असतो. पुढे पाठवणारे प्रत्येक यंत्र त्यातून एक वजा करते. आकडा शून्यावर आला की पाकीट टाकून दिले जाते, म्हणजे रस्ता चुकलेले पाकीट अनंतकाळ फिरत राहत नाही. पण नियम असा आहे की टाकून देणाऱ्याने मूळ पाठवणाऱ्याला तसे कळवावे. अशा निरोपांसाठी आयसीएमपी नावाची एक वेगळी पद्धत आहे. हे नाव कृपया लक्षात ठेवावे. माझी चूक याच नावाशी बांधलेली आहे.

शेवटच्या चौकीवर आणखी एक काम होते. आपल्या वीस संगणकांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. असे पत्ते कोणत्याही घरात, कोणत्याही शाळेत वापरता येतात. त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. म्हणून बाहेर पडताना पाकिटावरचा मुलाच्या संगणकाचा पत्ता पुसून तिथे शाळेचा एकच पत्ता घातला जातो, आणि कोणाचे पाकीट कुठे गेले याची नोंद ठेवली जाते. उत्तर आले की ती नोंद पाहून ते योग्य संगणकाकडे वळवले जाते. हीच नोंदवही पहाऱ्यालाही उपयोगी पडते. नवे संभाषण सुरू करणारे पाकीट कोणते, आधीच चाललेल्या संभाषणातले कोणते, आणि अशा संभाषणाशी संबंधित निरोप कोणता, हे तिच्यावरून ओळखता येते. त्यामुळे ‘आतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आत येऊ द्या, पण बाहेरून आपण होऊन कोणी दार ठोठावले तर उघडू नका’ असा नियम लिहिता येतो.

नियमांची यादी वरून खाली वाचली जाते. पाकिटाला लागू पडणारा पहिला नियम सापडला की तिथेच निकाल लागतो. त्याखाली काय लिहिले आहे ते पाहिले जात नाही. एकही नियम लागू पडला नाही तर शेवटचे सर्वसाधारण धोरण लागू होते. निकाल मुख्यतः तीन. जाऊ द्यावे. टाकून द्यावे आणि काहीच बोलू नये. किंवा नाकारावे आणि पाठवणाऱ्याला तसे कळवावे. पहिला निकाल वगळता उरलेल्या दोहोंत पाकीट पुढे जात नाही, म्हणून ते सारखेच वाटतात. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला त्यांतला फरक चांगलाच कळतो. एकाला उत्तर मिळते, दुसरा वाट पाहत राहतो.

अशा पहाऱ्याची गरज का पडली, तेही थोडक्यात सांगते. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाचा एक कार्यक्रम अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संगणकांत आपोआप पसरला, आणि तोवर एकमेकांवर विसंबलेल्या या जगाला आपली दारे सताड उघडी असल्याचे उमगले. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टरने विंडोजच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून असंख्य घरगुती संगणकांत प्रवेश केला. पुढच्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणासंचापासून फायरवॉल मुळातच चालू स्थितीत येऊ लागली. लिनक्समध्ये मी सांगितलेली चौक्यांची रचना २००१ साली २.४ या आवृत्तीबरोबर आली. तेव्हा पहारा हवाच, याविषयी माझे दुमत नाही. पहाऱ्याला आपण काय आज्ञा देतो, हा माझ्या चिंतेचा विषय आहे.

आता घटनेकडे वळते. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संगणक शिक्षकांनी एके दिवशी मला यंत्राची नोंद दाखवली. रात्रीच्या वेळी बाहेरून कोणीतरी २२ क्रमांकाच्या पोर्टवर येऊन एकामागून एक संकेतशब्द लावून पाहत होते. शेकडो प्रयत्न होते, यशस्वी एकही नव्हता. असे प्रयत्न जगभर रोज चालतात, हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी घाबरले. पालकसभेत विषय निघाला, तेव्हा पालकही घाबरले. मी तंत्रज्ञांना बोलावले आणि सांगितले, “जे लागत नाही ते सगळे बंद करा.” त्यांनी शांतपणे यादी विचारली. मी म्हटले, संकेतस्थळे पाहणे आणि त्यासाठी नावावरून पत्ता शोधणे, एवढेच आम्हाला लागते. ते म्हणाले, “आयसीएमपीवरून कोणीही यंत्राला हाक मारून ते जागे आहे की नाही हे पाहू शकतो. ती हाक तेवढी बंद करू.” मी विचारले, “या आयसीएमपीचे मुलांना काही काम पडते का?” ते म्हणाले, “तसे थेट नाही, पण...” त्यांचे वाक्य मी पूर्ण होऊ दिले नाही. “मग तो प्रकारच बंद करा, सगळ्या याद्यांमध्ये, पहिल्या क्रमांकावर,” असे मी सांगितले. त्यांनी माझ्या आज्ञेप्रमाणे केले. म्हणून दोष त्यांचा नाही.

त्यानंतर तीन-चार महिने सगळे सुरळीत चालले. मुले संकेतस्थळे पाहत होती, धडे वाचत होती. मी समाधानी होते.

ऑक्टोबरात एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत होती. अर्ज फक्त संगणकावरूनच भरायचा होता. दहावीतली एक मुलगी शेवटच्या दिवशी दुपारी कक्षात बसली. घरी संगणक नव्हता. उत्पन्नाचा दाखला आदल्या दिवशी हाती आला होता, म्हणून उशीर झाला होता. तिने अर्ज उघडला आणि माहिती भरली. पाने भराभर उघडत होती. मग तिने छायाचित्र आणि दाखल्याची प्रत जोडली आणि पाठवण्याची कळ दाबली. पडद्यावरचे चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. चूक झाल्याचा संदेश नाही, नकार नाही, काहीच नाही. शिक्षक म्हणाले, शेवटचा दिवस आहे, तिकडे गर्दी असेल, थांब. तिने पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्या संगणकावर बसून पाहिले. संध्याकाळी मुदत संपली तेव्हा ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, “बाई, माझंच काहीतरी चुकलं असेल.” त्या वर्षीची तिची शिष्यवृत्ती गेली.

दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूहून घरी आलेला आपला एक माजी विद्यार्थी सहज शाळेत डोकावला. मी त्याला ही हकीकत सांगितली. त्याने तिच्याच संगणकावरून एक मोठी चित्रफाईल पाठवून पाहिली. चक्र तसेच फिरू लागले. मग त्याने कोपऱ्यातल्या यंत्रावर नियमांची यादी उघडली. प्रत्येक नियमासमोर, त्या नियमाने किती पाकिटांचा निकाल लावला, याचा आकडा दिसतो. फाईल पाठवण्याचा प्रयत्न झाला की आउटपुट यादीतल्या पहिल्या नियमाचा आकडा वाढत होता. तो नियम माझा होता.

घडत होते ते असे. मुलीच्या संगणकातून पूर्ण १५०० बाइटांची पाकिटे निघत होती. पण आमच्या ब्रॉडबँडच्या तारेवर प्रत्येक पाकिटावर आणखी एक वेष्टन चढते आणि ते ८ बाइट खाते. म्हणून त्या तारेवर १४९२ बाइटांपेक्षा मोठे पाकीट जात नाही. पाकिटावर ‘याचे तुकडे करू नयेत’ अशी खूण होती. अशा वेळी देवडीवरच्या यंत्राने काय करायचे, हे ठरलेले आहे. पाकीट टाकायचे आणि मुलीच्या संगणकाला आयसीएमपीने निरोप द्यायचा की, हे मोठे आहे, १४९२ चे करून पाठव. निरोप मिळाला की संगणक पाकिटे लहान करतो आणि काम क्षणात पुढे सरकते. आमच्या यंत्राने पाकीट टाकले, निरोपही लिहिला. पण तो त्याच्या स्वतःच्या आउटपुट चौकीवर माझ्या नियमाने अडला. संबंधित निरोपांना वाट देणारा नियम त्या यादीत खाली होताच. पण पहिला लागू पडणारा नियम निकाल लावतो, त्यामुळे तिथवर कोणी पोहोचलेच नाही. इकडे मुलीचा संगणक तेच पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, दर वेळी अधिक थांबून. लिनक्समध्ये असा संगणक हार मानायला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ घेतो. पाने उघडत होती, कारण पान मागणारी पाकिटे लहान असतात. मोठे काही पाठवण्याची वेळ त्या तीन-चार महिन्यांत कोणावर आलीच नव्हती.

अवघ्या आठ बाइटांचा प्रश्न होता. पहारेकऱ्याला उत्तर ठाऊक होते. त्याचे तोंड मी बांधले होते.

दुरुस्ती दोन मिनिटांत झाली. पहिला नियम बाहेरून येणाऱ्या हाकेपुरता मर्यादित केला, एवढेच. पण त्या सुट्टीत आम्ही आणखी काही ठरवले, आणि ते आजही पाळतो.

नियमांची एक मराठी वही केली. प्रत्येक नियमापुढे तो का लिहिला, कोणी सांगितला, कोणत्या तारखेला आणि तो काढला तर काय बिघडेल, हे लिहायचे. कारण लिहिता आले नाही तर नियम लागू करायचा नाही. दुसरे, बाहेरून आगंतुक दार ठोठावणाऱ्याला उत्तर द्यायचे नाही, पण आतल्या मुलांचे पाकीट अडवायचे असेल तर ते नाकारून, कळवून अडवायचे. म्हणजे मुलाच्या पडद्यावर नकार तत्काळ उमटतो आणि तो शिक्षकांना कारण विचारू शकतो. तिसरे, प्रत्येक सत्राच्या आरंभी एका विद्यार्थ्याला बसवून छायाचित्र आणि दाखल्यासह एक नमुना अर्ज खरोखरच पाठवून पाहायचा. आणि चौथे माझ्यापुरते. तंत्रज्ञ ‘पण’ म्हणाले तर त्यांचे वाक्य पूर्ण होऊ द्यायचे.

पालकहो, आपण मला नेहमी विचारता, “बाई, शाळेतले इंटरनेट सुरक्षित आहे ना?” माझे उत्तर असे. दारावर पहारा आहे आणि त्याची यादी आम्ही वाचतो. पण पहारेकरी पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतला मजकूर वाचत नाही. आणि मुलाच्या खिशातला मोबाईल स्वतःच्या जोडणीवर चालतो, तेव्हा त्याची पाकिटे आपल्या देवडीवरून जातच नाहीत. तिथला पहारा आपल्याला बोलूनच ठेवावा लागतो, शाळेत आम्हाला आणि घरी आपल्याला. घरातही आपण मुलांना अनेक गोष्टी नाकारतो. काही नाकारल्याच पाहिजेत. मात्र नुसते गप्प बसून नाकारले तर मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहते, मग विचारणे सोडते आणि शेवटी दोष स्वतःकडे घेते. ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य मी त्या संध्याकाळी ऐकले आहे. ते पुन्हा ऐकण्याची माझी इच्छा नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे आज देणगीबरोबर आणखी एक मागणे आहे. आपल्यापैकी ज्यांना हे शास्त्र कळते, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत यावे, ती वही उघडावी आणि आम्हाला प्रत्येक नियमाचे कारण विचारावे. आम्हाला कारण सांगता आले नाही तर तो नियम खोडावा. वही संगणक कक्षात, त्या यंत्राच्या शेजारीच ठेवलेली आहे.

त्या मुलीची क्षमा मी तेव्हा तिच्या घरी जाऊन मागितली होती. ती आज या सभागृहात नाही. या हीरक महोत्सवी अंकात ही हकीकत छापली जावी, अशी विनंती मी संपादक मंडळाला केली आहे, म्हणजे चूक कोणाची होती हे तिलाही लेखी वाचायला मिळेल.